काळा माणूस वंशवादी असू शकतो का? आणि आपण?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही हिंजवडीत एका आयटी कंपनीत आहात. अमेरिकन क्लायंटच्या आग्रहाने एक ऑनलाइन प्रशिक्षण झालं. त्यात प्रशिक्षकाने सांगितलं, की वंशवाद म्हणजे पूर्वग्रह अधिक सत्ता. सत्ता गोऱ्यांकडे आहे, त्यामुळे काळ्या माणसाच्या मनात राग असेल, पूर्वग्रहही असेल, पण तो वंशवादी ठरत नाही. त्यावर टीममधल्या एकाने चॅटमध्ये टाकलं, 'मग आपण ब्राऊन लोक पण सुटलो!' सगळे हसले. तुमची इंफाळची सहकारी हसली नाही. दुसऱ्या दिवशी तिने तुम्हाला सांगितलं, की याच मित्राने पार्टीत तिला 'ए मोमो' म्हणून हाक मारली होती. आता टीममध्ये दोन तट पडलेत आणि तुम्ही विचारताय: खरी व्याख्या कोणती, आणि वंशवादी कोणाला म्हणायचं?

मी बरीच वर्षं समाजशास्त्र शिकवलं. आता कॉलेजांच्या तक्रार समित्यांवर बाहेरची सदस्य म्हणून बसते आणि कंपन्यांमध्ये याच विषयाच्या कार्यशाळा घेते. हा वाद माझ्यापुढे सतत येतो. व्याख्येवर भांडायला लोक तासन् तास तयार असतात. 'मोमो'वर बोलायची वेळ आली की सगळ्यांना दुसरी मीटिंग आठवते. तुमच्या प्रश्नात खरं तर तीन प्रश्न एकात एक अडकलेत. प्रशिक्षक बरोबर आहे का, तुमचा मित्र सुटतो का, आणि त्या मुलीचं काय. उत्तरं तिन्हींची वेगळी आहेत.

आधी प्रशिक्षकाची बाजू, कारण ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. अमेरिकेत १९६४ साली नागरी हक्कांचा कायदा झाला आणि 'फक्त गोऱ्यांसाठी' या पाट्या उतरल्या. पण काळ्या वस्त्यांमधली घरं, शाळा, पगार यांत लोकांना वाटला होता तेवढा फरक पडेना. १९३०च्या दशकातच तिथल्या सरकारी गृहकर्ज संस्थेने शहरांचे नकाशे रंगवून ठेवले होते. काळ्यांच्या वस्त्या लाल रंगात, म्हणजे इथे कर्ज देणं धोक्याचं. बँकांना वळण लागलं ते त्याच हिशेबाचं. आता अशा बँकेतला एखादा साहेब डोळ्यांपुढे आणा. सभ्य, रविवारी चर्चला जाणारा, कोणाला उणा शब्द न बोलणारा. त्याच्या मनात द्वेष शोधायला गेलात तर काहीच हाती लागणार नाही. तो नियम पाळतोय, आणि त्या नियमामुळे काळ्या कुटुंबाला घर मिळत नाही.

या साहेबाचं करायचं काय, या अडचणीतून ती व्याख्या आली. १९६७ साली तिथल्या काळ्यांच्या चळवळीतले स्टोकली कारमायकेल आणि राज्यशास्त्राचे अभ्यासक चार्ल्स हॅमिल्टन यांनी संस्थात्मक वंशवादाची, म्हणजे कोणाच्या मनात नव्हे तर संस्थेच्या नियमांत आणि रिवाजांत मुरलेल्या वंशवादाची, कल्पना मांडली. १९७० साली पॅट्रिशिया बिडॉल यांनी 'पूर्वग्रह अधिक सत्ता' हे सूत्र दिलं. ते प्रशिक्षकांच्या हाती पडलं आणि तिथून आज तुमच्या स्क्रीनवर आलं. ब्रिटनमध्येही विचार याच वाटेने गेला. १९९३ साली लंडनमध्ये स्टीफन लॉरेन्स या काळ्या तरुणाला गोऱ्या पोरांच्या टोळक्याने बसथांब्याजवळ भोसकून मारलं. पोलिसांनी तपास असा काही केला, की त्या तपासाची सरकारी चौकशी करणाऱ्या १९९९च्या मॅकफर्सन अहवालाने लंडनच्या पोलीस दलावर संस्थात्मक वंशवादाचा ठपका ठेवला. एकूण एक पोलीस वंशवादी आहे, असं त्या अहवालाचं म्हणणं नव्हतं. दल म्हणून ते एका समाजाला न्याय देऊ शकलं नाही, एवढं होतं.

एखाद्या संस्थेचा कारभार तपासायचा असेल तर मीही हेच सूत्र वापरते. भरती, बढती, हॉस्टेलच्या खोल्यांचं वाटप, कुठेही. पण माणसांना सुटकेचं प्रमाणपत्र वाटायला ते बनलेलं नाही, आणि चॅटमध्ये त्याचं झालं नेमकं तेच.

कायद्याची व्याख्या वेगळी आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २१ डिसेंबर १९६५ रोजी वांशिक भेदभावाच्या निर्मूलनाचा करार मंजूर केला. भारताने १९६८ साली त्याला मान्यता दिली. वंश, रंग, कूळ, राष्ट्रीय किंवा वांशिक मूळ यांवरून केलेला असा कोणताही फरक, बहिष्कार, बंधन किंवा पसंती, ज्याच्या हेतूने किंवा परिणामाने माणसाच्या समान हक्कांना बाधा येते, तो वांशिक भेदभाव. करणारा कोण, हे त्यात विचारलेलंच नाही. परिणामही मोजायचा म्हटल्यावर आपला बँकेतला साहेबही त्यात आपोआप येतो. म्हणजे व्यवस्थेकडे बोट दाखवण्यासाठी कोणाला आधीच सूट द्यायची गरज नाही. मला ही मांडणी जास्त पटते.

गंमत अशी, की अमेरिकेचा कायदाही तुमच्या प्रशिक्षकाच्या बाजूने नाही. १९७६ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयापुढे एक प्रकरण आलं. वाहतूक कंपनीतल्या दोन गोऱ्या आणि एका काळ्या कामगारावर मालचोरीचा एकच आरोप होता. कंपनीने गोऱ्यांना काढलं, काळ्याला ठेवलं. १९६४चा कायदा गोऱ्यांनाही संरक्षण देतो, असा निकाल लागला, आणि तो लिहिला थर्गुड मार्शल यांनी, त्या न्यायालयाच्या पहिल्या काळ्या न्यायमूर्तींनी. ज्या माणसाने आयुष्यभर वर्णभेदाविरुद्ध खटले लढवले, त्याला 'हा कायदा फक्त आमच्यासाठी' असं म्हणावंसं वाटलं नाही.

तरी सत्तेचा मुद्दा मी टाकून देत नाही. तो नीट लावला तर तुमच्या मित्राच्याच अंगाशी येतो. सत्ता कातडीला चिकटलेली नसते. गाव बदललं, खुर्ची बदलली की तीही बदलते. १८९३ साली दक्षिण आफ्रिकेत पीटरमॅरिट्झबर्गला गांधीजींना गाडीतून उतरवलं, हे शाळेत सगळे शिकतो. पुढे दोन-तीन वर्षांतच त्यांच्या नाताळ इंडियन काँग्रेस या तिथल्या भारतीयांच्या संघटनेने डर्बनच्या पोस्टात भारतीय लोकांसाठी वेगळं दार मागितलं आणि मिळवलं, हे शिकत नाही. तिथे गोऱ्यांचं एक दार होतं आणि दुसरं काळे व आशियाई यांचं मिळून. काळ्यांबरोबर एका दाराने जाणं आपल्या लोकांना कमीपणाचं वाटलं. गांधीजी पुढे बदलले हे खरंच. पण त्या काळातलं लिखाण आफ्रिकेत विसरलं गेलेलं नाही. २०१८च्या डिसेंबरमध्ये घानाच्या विद्यापीठातून त्यांचा पुतळा हलवला गेला तो त्यावरूनच.

आणि उलट बाजू युगांडाची. ब्रिटिश अमदानीत तिथला आशियाई दुकानदार मधल्या पायरीवर होता: वर गोरा अधिकारी, खाली काळा मजूर. १९७२च्या ऑगस्टमध्ये तिथला हुकूमशहा इदी अमीनने फर्मान काढलं, आशियाईंनी ९० दिवसांत देश सोडावा. पिढ्यान् पिढ्यांची दुकानं, घरं टाकून लोक निघाले. 'काळा माणूस वंशवादी असूच शकत नाही' हे वाक्य त्या विमानतळावर रांगेत उभ्या असलेल्या गुजराती किंवा गोवेकर कुटुंबाला ऐकवून बघा. आणि त्याच कुटुंबाने वीस वर्षं आपल्या काळ्या नोकराला कसं वागवलं, हेही जरूर विचारा. दोन्ही प्रश्न एकाच वेळी खरे असतात.

आता पुण्यात येऊ. कोंढव्याच्या बाजूच्या एका सोसायटीत मला एका फ्लॅटमालकिणीने सभेला बोलावलं होतं. तिला दोन टांझानियन विद्यार्थ्यांना लीव्ह अँड लायसन्सवर फ्लॅट द्यायचा होता आणि कमिटी अडून बसली होती. क्लबहाउसमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या, चहा-बिस्किटं, सगळं अगदी घरगुती. सचिवांनी ठराव वाचला: 'सोसायटीच्या शांततेच्या हितार्थ आफ्रिकन नागरिकांस सदनिका भाड्याने देण्यात येऊ नये.' वाचून झाल्यावर स्वतःच म्हणाले, 'आमचा कोणाशी द्वेष नाही हो, पण मुलीबाळी आहेत.' मागून एक काका म्हणाले, 'त्यात नॉर्थ-ईस्टवाल्यांचंही घाला, जिन्यात वास येतो.' यावर एक मालवणी काकू ताडकन उठल्या. 'वासाचं काढू नका हां भावजी. माझ्या सुक्या बोंबलांवरून तुम्ही मागच्या वर्षी नोटीस लावली होती, विसरले नाही मी.' सभेत खसखस पिकली. नॉर्थ-ईस्टचा मुद्दा बारगळला. मग आफ्रिकन विद्यार्थ्यांच्या ठरावाला हात वर करायची वेळ आली, आणि काकूंचा हात सगळ्यांच्या आधी वर गेला.

त्या खोलीत एकही गोरा माणूस नव्हता. वॉचमनला 'यांना आत सोडू नको' सांगायचा अधिकार, एनओसी, पार्किंगचं स्टिकर, सगळं आपल्याच हातात. आणि समोरच्यांच्या हातात काय? राज्यघटनेचं पंधरावं कलम वंशावरून भेदभाव करायला मनाई करतं, पण ते नागरिकांपुरतं. परदेशी विद्यार्थ्याला चौदाव्याचा, म्हणजे कायद्यापुढच्या समानतेचा आधार आहे, तो राज्यसंस्थेविरुद्ध. सोसायटीच्या सचिवांविरुद्ध तो कितीसा चालणार? खासगी घरमालकाला भाडेकरू निवडताना भेदभाव करू नको असं बजावणारा सर्वसाधारण कायदा आपल्याकडे नाही. उलट गुजरातमधल्या एका पारशी सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली, सभासदत्व एका समाजापुरतं ठेवणारा उपनियम मान्य केला होता. म्हणजे 'पूर्वग्रह अधिक सत्ता' हेच सूत्र घेतलं तरी कोंढव्यातल्या त्या संध्याकाळी बेरीज पूर्ण होत होती. ब्राऊन असल्याने कोणी सुटत नाही.

मालवणी काकूंचं वागणं परदेशी पाहुण्यांना कोडं वाटतं, आपल्याला वाटू नये. आंबेडकरांनी ज्याला श्रेणीबद्ध विषमता म्हटलं, ते हेच: वरच्या पायरीबद्दल चढता आदर, खालच्या पायरीबद्दल उतरता तिरस्कार, आणि तळाचा थर सोडला तर प्रत्येकाच्या पायाखाली कोणीतरी असतंच. जात म्हणजे वंश नव्हे, हे त्यांनी १९३६ सालीच ठणकावून सांगितलं होतं. पण पायऱ्यांची ही कल्पना मला वंशवादाच्या चर्चेतही अमेरिकेच्या काळ्या-गोऱ्या दोन खान्यांपेक्षा जास्त उपयोगी पडते. तिकडच्या लढ्याशी आपलं नातं जुनं आहे म्हणा. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकन लोकांना, आणि १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती अमेरिकेतल्या काळ्यांच्या ब्लॅक पँथर संघटनेचं नाव घेऊन. उसनवारी चालते, फक्त डोळे मिटून करू नये.

जातीवरूनच एक उदाहरण, कारण ते मराठी वाचकाला अमेरिकेपेक्षा लवकर कळतं. १९८९चा अ‍ॅट्रॉसिटी कायदा. त्यात आरोपी हा अनुसूचित जाती किंवा जमातीचा नसलेला असावा लागतो. म्हणजे कोण कोणाला बोललं, हे आपल्या कायद्यानेही एका ठिकाणी मोजलंय. 'सत्तेचा मुद्दा म्हणजे अमेरिकन फॅड' म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. पण दलित माणसाच्या मनात जातीचा पूर्वग्रह असूच शकत नाही, असं तो कायदा कुठेही म्हणत नाही. एका ठरावीक दिशेने होणारा अत्याचार इतका जुना आणि इतका सर्रास आहे की त्याला वेगळं कलम हवं, एवढंच तो म्हणतो. संरक्षण कोणाला द्यायचं हा एक प्रश्न, आणि वाईट कोण वागू शकतं हा दुसरा. तुमच्या प्रशिक्षणात या दोन्हींची सरमिसळ झाली.

प्रत्यक्ष तक्रार आली की मी काय करते, ते सांगते. मार्च २०२०, पुण्यात कोरोनाचे पहिले रुग्ण सापडले तो आठवडा. एका कॉलेजातल्या मणिपूरच्या मुलीने तक्रार दिली, की वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मुलगा तिला 'कोरोना' म्हणतो, लॅबमध्ये तिच्या टेबलापासून स्टूल ओढून लांब बसतो आणि बाकीचे हसतात. मुलगा पश्चिम आफ्रिकेतला. लेखी उत्तरात त्याने तुमच्या प्रशिक्षकाचंच वाक्य दिलं होतं: मी काळा आहे, मी वंशवादी असू शकत नाही. समितीतले एक प्राध्यापक खूश झाले, त्यांचा आवडता विषय निघाला. अर्धा वेळ त्यात गेला आणि ती मुलगी ऑनलाइन सुनावणीत नुसती आमच्याकडे बघत बसली. शेवटी मी यूजीसीच्या रॅगिंगविरोधी नियमांची २०१६ची दुरुस्ती वाचून दाखवली. रंग, वंश, धर्म, जात, दिसणं, राष्ट्रीयत्व, प्रादेशिक मूळ, भाषा अशा कारणांवरून दुसऱ्या विद्यार्थ्याचा केलेला शारीरिक किंवा मानसिक छळ म्हणजे रॅगिंग. करणाऱ्याचा रंग कोणता, असा रकाना त्यात नाही. मग मुलीला विचारलं, तुला काय हवंय? लॅबची बॅच बदलून हवी होती, आणि ज्या ग्रुपवर तो बोलला त्याच ग्रुपवर माफी. दोन्ही झालं.

त्याच सुनावणीत मुलगा म्हणाला, 'कँटीनमध्ये मला रोज काल्या म्हणतात, ते कोणी लिहून घेतलं?' कोणीच घेतलं नव्हतं. आम्ही ती स्वतंत्र तक्रार म्हणून नोंदवली आणि कँटीन चालवणाऱ्याला बोलावलं. त्याच्यावर झालेल्या अन्यायाने मुलीची तक्रार वजा होत नाही, आणि मुलीच्या तक्रारीने त्याची.

सत्ता मी हिशेबात धरते ती यानंतर, कारवाई किती कडक करायची ते ठरवताना. हेच शब्द वॉर्डनने उच्चारले असते तर माफीवर भागवू दिलं नसतं. ज्याच्या हातात मार्क, पगार, भाडं किंवा गेटची किल्ली आहे, त्याच्या तोंडचा तोच शब्द जास्त जखम करतो, आणि ऐकणाऱ्याला उलट बोलायची सोय नसते. इथे मात्र परिस्थितीवर फार अवलंबून आहे: एकदाच झालं की रोज, चारचौघांत की एकट्यात, कंपनीच्या वेळेत की बाहेर, आणि समोरच्याला तिथून उठून जाता येतं का. याचं तयार कोष्टक माझ्याकडे नाही.

एक फाटा. तुमच्या टीममधल्या कोणीतरी असंही म्हटलंय की विज्ञानाच्या दृष्टीने वंश असं काही नसतंच, मग वंशवाद कसला? पहिला भाग बराचसा बरोबर आहे. १९७२ साली जनुकशास्त्रज्ञ रिचर्ड लेवोंटिन यांनी दाखवलं, की माणसांमधल्या जनुकीय फरकांपैकी सुमारे ८५ टक्के फरक एकाच लोकसमूहातल्या माणसांमध्ये असतो. आणि त्याच्याही कितीतरी आधी आपल्या इरावतीबाई कर्वे बर्लिनला गेल्या होत्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर वंशश्रेष्ठत्व मानणारे. त्यांना कवट्यांच्या दोन बाजूंमधल्या फरकाचा वंशाशी संबंध जोडायचा होता. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि तसा संबंध दिसत नाही, असं त्याच गुरूंच्या हाताखाली लिहून दिलं. त्या काळात, त्या शहरात, परदेशी विद्यार्थिनीने. पण वंश खोटा निघाला म्हणून भेदभाव खोटा ठरत नाही. घरमालक काही कवटी मोजत नाही, तो व्हॉट्सॲपचा डीपी बघतो.

आता तुमचा मित्र. 'तू वंशवादी आहेस' असं त्याला सांगू नका. तो स्वतःचं चारित्र्य सिद्ध करत बसेल आणि तुम्ही पुन्हा व्याख्येत अडकाल. काय बोलला, कोणापुढे बोलला आणि त्यानंतर ती टीमसोबत जेवायला यायची बंद झाली का, एवढंच त्याच्यापुढे ठेवा. 'गंमत होती' म्हणाला तर ऑगस्ट २०१२ची आठवण द्या. पुण्यात ईशान्येकडच्या तरुणांवर हल्ले झाले, अफवा उठल्या, आणि स्टेशनवर गुवाहाटीकडे निघालेल्यांची रीघ लागली. त्यातल्या बहुतेकांनी 'मोमो', 'चिनी' हे आधी गमतीतच ऐकलेलं असणार. २०१४ साली दिल्लीत निडो तानिया या अरुणाचलच्या मुलाचा मारहाणीनंतर मृत्यू झाला, तेव्हाही सुरुवात त्याच्या दिसण्या-केसांवरच्या टिंगलीने झाली होती. त्यानंतर नेमलेल्या बेझबरुआ समितीने अशा शेरेबाजीसाठी फौजदारी कायद्यात वेगळं कलम सुचवलं. ते अजून आलेलं नाही, त्यामुळे सध्या कंपनीची आचारसंहिता हाच जवळचा रस्ता आहे.

तो रस्ता धरायचा की नाही, हे तिला ठरवू द्या. तिला न विचारता तिच्या वतीने एचआरला मेल टाकू नका. चांगल्या मनाची माणसं हे हमखास करतात आणि मग तिला तीनदा तेच सांगावं लागतं. पार्टीत तुम्ही हजर असाल तर 'मी ऐकलं होतं, गरज पडली तर लिहून देईन' एवढं मात्र आजच तिला सांगा.

आणि प्रशिक्षक पुढच्या वेळी आला की त्याच्याशी व्याख्येवर हुज्जत घालू नका. त्याचंच सूत्र घेऊन विचारा, की आमच्या पुण्याच्या ऑफिसात सत्ता कोणाकडे आहे ते कसं शोधायचं. क्लायंटसमोर बोलायला कोणाला पुढे करतात आणि कोणाला 'ॲक्सेंट'चं कारण देऊन मागे ठेवतात, ईशान्येकडून आलेले किती अर्ज मुलाखतीपर्यंत पोचतात, कंपनी ज्या ब्रोकरकडून नव्या लोकांना फ्लॅट दाखवते तो कोणाला कुठले फ्लॅट दाखवतच नाही. पहिल्या दोन्हींची नोंद एचआरकडे असते. तिसऱ्यासाठी ब्रोकरला फोन करा, एकदा तुमच्या नावाने आणि एकदा तिच्या.